सिरियल पोर्टचं क्लॉक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीत कंट्रोलर बोर्ड दुरुस्त करणारे, गावोगावच्या दूध संस्थांमध्ये काटा नि फॅट मशीन संगणकाला जोडून देणारे, आणि पॉलिटेक्निकचे शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्टवाले. या तिघांचे प्रश्न वरवर वेगळे वाटतात. पण खोलात गेलं की बहुतेकांचं मूळ एकच निघतं: यूएआरटीपर्यंत (चिपमधला सिरियल पोर्ट चालवणारा भाग) पोचणारं क्लॉक, म्हणजे ताल देणारी ठोक्यांची लहर, नक्की किती मेगाहर्ट्झचं आहे, हे कुणी तपासलेलं नसतं. इथली बहुतेक उत्तरं त्याच एका मुद्द्याकडे येतात.

प्रोग्राममध्ये ९६०० लिहिलंय, संगणकावरही ९६०० ठेवलंय. तरी स्क्रीनवर गिचमीड का येतं?

कारण ९६०० ही तुमची मागणी झाली. चिप काय करते ते बघा. यूएआरटीच्या भागाला आतून एक क्लॉक मिळतं, त्याला एका आकड्याने भागलं जातं, आणि जे उत्तर येईल तो तुमचा बॉड रेट, म्हणजे सेकंदाला जाणाऱ्या बिटांची संख्या. भागायचा आकडा लायब्ररी (तयार मिळणारा कोड) काढते, आणि तो काढताना ती क्लॉकचा एक आकडा गृहीत धरते. एव्हीआर जातीच्या चिपमध्ये (आर्डुइनो ऊनोवर हीच असते) त्याला एफ-सीपीयू म्हणतात, एसटीएम३२ जातीत एचएसई-व्हॅल्यू. हा आकडा हेडर फाइलमध्ये किंवा मेकफाइलमध्ये कुणीतरी लिहून ठेवलेला असतो आणि चिप तो कधीच वाचत नाही. तो बदलला म्हणून चिपचा वेग बदलत नाही, फक्त लायब्ररीचा हिशेब बदलतो.

म्हणून बॉडच्या मागे लागण्याआधी साखळी तपासा. क्लॉक कुठून येतं, बाहेरच्या क्रिस्टलमधून की चिपच्या आतल्या ऑसिलेटरमधून? त्यापुढे पीएलएल (क्लॉक काही पट वाढवणारा भाग) आहे का, असेल तर किती पट? मग बसचा, म्हणजे चिपमधले भाग जोडणाऱ्या मार्गाचा, भागाकार किती? या साखळीच्या शेवटी जो आकडा येतो त्यालाच भागायचं असतं. क्रिस्टलवर छापलेला आकडा सरळ सूत्रात घालणं ही सगळ्यात जास्त दिसणारी गडबड आहे.

दोन बाजूंच्या वेगात किती फरक चालतो?

हलगीच्या ठोक्यावर दोघांनी एकदम पाऊल उचलावं आणि पुढची दहा पावलं हलगी न ऐकता आपापल्या अंदाजाने टाकावीत, तसं हे काम चालतं. स्टार्ट बिट हा ठोका. तो पडला की रिसीव्हर स्वतःच्या घड्याळाने मोजायला लागतो आणि प्रत्येक बिटाच्या मधोमध रेषेवर काय आहे ते बघतो. आठ डेटा बिट आणि एक स्टॉप बिट असेल, तर स्टॉप बिट तो साडेनऊ बिटांच्या अंतरावर वाचतो. तोवर अर्ध्या बिटाएवढं अंतर पडलं तर तो शेजारच्या बिटावर जाऊन पोचतो. ०.५ भागिले ९.५ म्हणजे साधारण ५.३ टक्के. ही झाली कागदावरची हद्द.

प्रत्यक्षात एवढी मोकळीक मिळत नाही. स्टार्ट बिटाची कड नेमकी कुठे आली हे रिसीव्हरला बिटाच्या सोळाव्या भागाएवढंच कळतं, केबल लांब असेल तर कडा तिरप्या होतात, आणि उरलेली मोकळीक दोन्ही बाजूंना वाटून घ्यावी लागते. एव्हीआरच्या डेटाशीटमध्ये आठ बिटांसाठी साध्या मोडला ±२ टक्के आणि दुप्पट वेगाच्या मोडला ±१.५ टक्के अशी शिफारस आहे. मी स्वतः एका बाजूला एक टक्क्याच्या आत राहतो. समोरचं यंत्र कुणाचं असेल आणि त्याची चूक कुठल्या दिशेला असेल हे आपल्या हातात नसतं.

आणखी एक गोष्ट. पाठवणारा किंचित जलद असेल आणि फरक हद्दीवर असेल, तर कीबोर्डवरून एकेक अक्षर टाइप केलेलं बरोबर येतं आणि सलग मजकूर फुटतो. एकेकट्या अक्षरानंतर रेषा रिकामी असते, म्हणून स्टॉप बिट उशिरा वाचला तरी तिथे ‘एक’च सापडतो. सलग मजकुरात तिथे पुढचा स्टार्ट बिट येऊन बसलेला असतो. अशा वेळी पाठवणाऱ्या बाजूला दोन स्टॉप बिट ठेवले तर काम भागतं. पाठवणारा हळू असेल तर मात्र या उपायाचा काही उपयोग नाही.

८०५१ चिपच्या किटवर ११.०५९२ असा विचित्र क्रिस्टल का असतो?

११.०५९२ मेगाहर्ट्झ म्हणजे ११५२०० ची बरोबर ९६ पट. ८०५१ मध्ये क्रिस्टलला आधी १२ ने, मग ३२ ने भागतात, म्हणजे ३८४ ने. त्याला ९६०० ने भागलं की येतात बरोबर ३. म्हणून टायमर १ मध्ये २५६ वजा ३, म्हणजे २५३ टाकायचं. पुस्तकात हेक्स (सोळाच्या) पद्धतीने लिहिलेला जो ‘एफडी’ दिसतो तो हाच.

त्या जागी १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लावला तर उत्तर ३.२५५ येतं. टायमरला पूर्णांकच लागतो, ३ टाकलं की बॉड १०४१६ होतो. साडेआठ टक्के चूक, गाडी चालणारच नाही. दुप्पट करणारा एसमॉड बिट लावून ७ टाकलं तरी सात टक्के चूक उरते. १२ चा क्रिस्टल बदलणं शक्यच नसेल तर ४८०० वर या: एसमॉड लावून १३ ने भागा, चूक ०.१६ टक्के. समोरचं यंत्र ४८०० घेत असेल तर क्रिस्टल काढत बसायची गरज नाही.

१.८४३२, ७.३७२८, १४.७४५६, १८.४३२ हे आकडेही त्याच घराण्यातले. १९८१ च्या आयबीएम पीसीच्या सिरियल कार्डावर १.८४३२ मेगाहर्ट्झचं क्लॉक होतं. त्याला १६ ने भागलं की ११५२०० येतात. आज सगळीकडे ११५२०० हा आकडा दिसतो तो तिथूनच आला.

नवीन एटीमेगा ३२८पी आणली, आर्डुइनोवर चालणारा प्रोग्राम टाकला. सगळं हळू चालतंय आणि सिरियलवर काहीच धड येत नाही.

कारखान्यातून ही चिप आतल्या ८ मेगाहर्ट्झ ऑसिलेटरवर आणि त्यालाही ८ ने भागणारा फ्यूज (चिपमध्ये कायम राहणारी सेटिंग) लावून येते. म्हणजे ती धावते १ मेगाहर्ट्झवर, आणि तुमचा प्रोग्राम धरून चाललाय १६. बॉडही सोळापट कमी निघतो: ९६०० चे ६००. फ्यूज बदलून बाहेरचा क्रिस्टल निवडा. क्रिस्टल लावलेला नसताना तो फ्यूज मारू नका, चिप क्लॉकविना गप्प बसते आणि मग प्रोग्रामरलाही दाद देत नाही.

बॅटरीवर चालवायचं म्हणून १ मेगाहर्ट्झच ठेवायचं असेल तर ९६०० साठी दुप्पट वेगाचा यू२एक्स बिट लावा आणि यूबीआरआर या भाजकाच्या रजिस्टरमध्ये १२ टाका. ९६१५ मिळतात. बिट न लावता ६ टाकलं तर ८९२८ मिळतात, सात टक्के कमी.

१६ मेगाहर्ट्झवर ११५२०० भरवशाचं आहे का?

नाही. साध्या मोडमध्ये चूक उणे ३.५ टक्के, यू२एक्स लावून अधिक २.१. आर्डुइनो ऊनोवर चालतं कारण यूएसबीच्या बाजूची चिपही १६ मेगाहर्ट्झवरच आहे आणि दोघींची चूक एकाच दिशेला आहे. तोच बोर्ड उचलून दुसऱ्या यंत्राला जोडला की तक्रारी सुरू होतात. दोन्ही टोकं तुमचीच असतील तर १६ मेगाहर्ट्झवर ३८४०० घ्या, चूक ०.१६ टक्के. किंवा सरळ २५००००, तिथे शून्य.

खरा बॉड रेट मोजायचा कसा? आमच्याकडे भारी स्कोप नाही.

एक छोटा प्रोग्राम लिहा जो मोठा ‘यू’ अखंड पाठवत राहील, मध्ये अंतर न ठेवता. ‘यू’चे बिट एकाआड एक शून्य-एक असतात, आणि स्टार्ट-स्टॉपसकट धरले तर रेषेवर शुद्ध चौकोनी लहर दिसते. तिची वारंवारता बॉडच्या बरोबर निम्मी. ९६०० असेल तर ४८०० हर्ट्झ. वारंवारता मोजणारा साधा मल्टिमीटरही टीएक्स (पाठवणाऱ्या) पिनवर लावला तर हा आकडा दाखवतो. लॉजिक ॲनालायझर असेल तर उत्तमच, एका बिटाची रुंदी मोजा: ९६०० ला १०४.२ मायक्रोसेकंद, ११५२०० ला ८.६८.

आता मुख्य काम. मागितलेला बॉड भागिले मिळालेला बॉड करा. हे गुणोत्तर तुम्हाला थेट दोषापर्यंत नेतं.

१६ किंवा ८ आलं तर एव्हीआरचा फ्यूज. ९ आलं तर एसटीएम३२एफ१०३ चं पीएलएल चाललेलंच नाही, ७२ ऐवजी ८ मेगाहर्ट्झवर चिप धावतेय. ३.१२५ आलं तर लायब्ररी २५ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल धरून बसलीय आणि बोर्डावर आहे ८ चा. बरोबर २ किंवा अर्धा आला तर बसचा भागाकार चुकलाय किंवा यू२एक्ससारखा बिट राहिलाय. ४ आलं आणि चिप एलपीसी२१४८ असेल तर बसचा भागाकार रीसेटच्या वेळी ४ असतो हे हिशेबात धरलेलं नाही. १.०८५ किंवा ०.९२ आलं तर १२ आणि ११.०५९२ ची अदलाबदल झालीय. गुणोत्तर असं ओळखीचं न येता १.०३, १.०४ असं काहीतरी आलं, आणि हात लावल्यावर हलत असेल, तर आतला आरसी ऑसिलेटर.

प्रोब क्रिस्टलच्या पायावर लावू नका. प्रोबची दहाएक पिकोफॅरड कपॅसिटन्स तिथे पुरेशी असते, क्रिस्टल बंदही पडतो. एसटीएम३२एफ१०३ मध्ये एमसीओ म्हणून पीए८ पिनवर क्लॉक बाहेर काढता येतं, एव्हीआरमध्ये त्यासाठी फ्यूज आहे. तिथे मोजा.

एसटीएम३२ मध्ये यूएसएआरटी१ बरोबर चालतं, तोच आकडा यूएसएआरटी२ ला टाकला की बिघडतं. असं का?

एफ१०३ मध्ये यूएसएआरटी१ (यूएआरटीचं एसटीएम३२ मधलं नाव) एपीबी२ नावाच्या बसवर आहे, ती ७२ मेगाहर्ट्झपर्यंत जाते. यूएसएआरटी२ आणि ३ एपीबी१ वर, तिची कमाल ३६. बीआरआर रजिस्टरमधला आकडा म्हणजे बसचं क्लॉक भागिले बॉड. ११५२०० साठी ७२ मेगाहर्ट्झवर ६२५ येतात, एक कणही चूक नाही. ३६ वर ३१२.५ येतात, ३१२ किंवा ३१३ टाका, दोन्हींकडे चूक सुमारे ०.१६ टक्के. ६२५ तसंच ठेवलं तर बॉड निम्मा होणारच.

एचएसई-व्हॅल्यूचं प्रकरण इथेच सांगतो, कारण एफ४ वर ते फार लोकांना सतावतं. लायब्ररीच्या मूळ फाइलमध्ये ही व्हॅल्यू २५ मेगाहर्ट्झ लिहिलेली असते आणि डिस्कव्हरी बोर्डावर क्रिस्टल असतो ८ चा. पीएलएलची मांडणी ८ धरून बरोबर केलेली असली तर चिप ठरल्या वेगाने पळते, एलईडीही ठीक लुकलुकताना दिसतो, पण बॉड काढताना लायब्ररी २५ चा हिशेब करते आणि ११५२०० चे ३६८६४ होतात. प्रोजेक्टमधली ती एक ओळ दुरुस्त केली की प्रश्न मिटतो. नवीन बोर्ड हातात आला की आधी क्रिस्टलवरचा आकडा भिंगाने वाचा आणि तो फाइलमधल्या आकड्याशी ताडून पाहा. दोन मिनिटांचं काम आहे, ते टाळू नका.

नव्या मालिकांमध्ये, म्हणजे एफ०, एल४, जी० वगैरेंमध्ये, यूएआरटीला स्वतःचं क्लॉक निवडता येतं: बस, सिस्टिम क्लॉक, आतला एचएसआय ऑसिलेटर किंवा ३२.७६८ किलोहर्ट्झचा एलएसई क्रिस्टल. तिथे बसचा आकडा बघून हिशेब करण्याआधी ही निवड काय आहे ते बघा.

रजिस्टरमध्ये आकडा लिहितो, वाचून बघितला तर शून्य किंवा जुनाच. चिप खराब आहे का?

शक्यता फार कमी. एसटीएम३२ मध्ये आधी आरसीसीमधून (क्लॉक सांभाळणारा भाग) त्या यूएआरटीचं क्लॉक चालू करावं लागतं, नाहीतर लिहिलेलं वाया जातं. आणि नव्या मालिकांमध्ये यूएआरटी चालू असताना बीआरआर बदलता येत नाही. एलपीसीमध्ये डीलॅब बिट लावल्याशिवाय भाजकाची रजिस्टरं उघडत नाहीत, आणि काम झाल्यावर तो काढावा लागतो. एटीमेगा १६ आणि ३२ मध्ये यूबीआरआरचा वरचा भाग आणि यूसीएसआरसी एकाच पत्त्यावर राहतात, कुठल्यात लिहायचं ते यूआरसेल बिट ठरवतो. एआरएमच्या पीएल०११ मध्ये भाजक लिहून झाल्यावर लाइन कंट्रोल रजिस्टर पुन्हा लिहावं लागतं, तेव्हाच नवा भाजक लागू होतो.

एलपीसी२१४८ च्या सगळ्या नमुना प्रोग्राममध्ये ९७ का असतं?

१५ मेगाहर्ट्झ भागिले १६ भागिले ९६०० म्हणजे ९७.६६. कुणीतरी दशांश छाटला आणि पुढे सगळ्यांनी उतरवून घेतला. ९७ ने चूक ०.६८ टक्के येते, ९८ ने ०.३५. दोन्ही चालतात, पण जवळचा आकडा ९८ आहे. भागाकार छाटू नका, जवळच्या पूर्णांकावर आणा. मोठ्या भाजकाला याने फार फरक पडत नाही, पण भाजक ६ किंवा ८ असला की छाटणं महागात पडतं.

ईएसपी८२६६ चालू होताना कचरा येतो, मग सगळं नीट. बोर्ड बदलू का?

बदलू नका. चिपच्या रॉममधला प्रोग्राम ४० मेगाहर्ट्झचा क्रिस्टल धरून ११५२०० चा हिशेब करतो, मोड्यूलवर असतो २६ चा. ११५२०० गुणिले २६ भागिले ४० म्हणजे ७४८८०. टर्मिनल त्या वेगाला लावा, सुरुवातीचे संदेश स्वच्छ वाचता येतात. रीसेट कशामुळे झाला हे तिथे लिहिलेलं असतं, त्यामुळे तो ‘कचरा’ वाचण्यासारखा असतो.

दूध संस्थेतल्या काट्याचं वजन संगणकावर घेतोय. काही आकडे बरोबर, काही विचित्र. क्लॉक चुकलंय का?

कुठले आकडे बिघडतात ते एकदा लिहून काढा. ०, ३, ५, ६, ९ बरोबर येत असतील आणि १, २, ४, ७, ८ च्या जागी भलतंच चिन्ह येत असेल, तर क्लॉक निर्दोष आहे. काटा सात बिट आणि सम पॅरिटीने (‘एक’ची एकूण संख्या सम करणारा जादा बिट) पाठवतोय आणि तुम्ही आठ बिट, पॅरिटीशिवाय वाचताय. पहिल्या गटातल्या अंकांच्या कोडमध्ये ‘एक’ची संख्या सम आहे, म्हणून त्यांचा पॅरिटी बिट शून्य येतो आणि तो वरचा डेटा बिट म्हणून वाचला तरी बिघडत नाही. दुसऱ्या गटात पॅरिटी बिट एक येतो आणि कोडमध्ये १२८ मिसळले जातात. संगणकाच्या बाजूला सात बिट, सम पॅरिटी, एक स्टॉप करा.

हे मुद्दाम लांबवून सांगतोय. सकाळच्या संकलनाच्या वेळी उत्पादकांची रांग लागलेली असते, सचिव ताटकळलेले असतात आणि घाईघाईत बॉड बदलून बघायचा मोह होतो. वजन म्हणजे माणसाचे पैसे आहेत. कुठला अंक कसा फुटतो हे आधी कागदावर उतरवा, मग सेटिंगला हात लावा.

आणि सगळेच आकडे गेले असतील तर काट्याची आरएस-२३२ लाइन मॅक्स२३२ सारख्या पातळी बदलणाऱ्या चिपमधून न आणता थेट प्रोसेसरच्या पिनवर आणली आहे का, ते बघा. तिथे पातळी उलटी असते आणि व्होल्टेज पिनला मारकही ठरू शकतं.

फाउंड्रीत भट्टीजवळच्या पॅनेलमध्ये सकाळी व्यवस्थित चालतं, दुपारी बिघडतं.

दोन शक्यता आहेत आणि त्या वेगळ्या करता येतात.

पहिली, उष्णता. बोर्ड आतल्या आरसी ऑसिलेटरवर असेल तर पॅनेल तापल्यावर तो सरकतो. एटीमेगा ३२८पी च्या आतल्या ऑसिलेटरची कारखान्यातली जुळणी ±१० टक्क्यांपर्यंतच हमखास असते. एसटीएम३२एफ१०३ चा एचएसआय २५ अंशांना एक टक्क्याच्या आसपास असतो आणि तापमान बदललं की आणखी सरकतो. क्रिस्टलची चूक याउलट दहा लाखांत वीस ते पन्नास, म्हणजे ०.००५ टक्के, सिरॅमिक रेझोनेटरची अर्धा टक्का. खात्री करायची तर टेबलावर बोर्डाला हेअर ड्रायरची ऊब द्या आणि ‘यू’ची वारंवारता बघत राहा. सरकली तर क्रिस्टल लावा. जागा नसेल तर एव्हीआरमध्ये ऑस्कॅल रजिस्टरने प्रत्येक नगाची जुळणी करता येते, पण भट्टीशेजारच्या बोर्डाला मी ते सुचवणार नाही.

दुसरी, इंडक्शन भट्टीचा गोंगाट. क्लॉकची चूक शिस्तीची असते: तेच अक्षर दर वेळी तसंच फुटतं, आणि बहुधा वरच्या बिटांत, कारण अंतर साचत साचत शेवटी पोचतं. गोंगाटाला अशी शिस्त नसते. पॉवर वाढवली की वाढतो, भट्टी बंद केली की जातो, आणि कुठलाही बिट मारतो. त्यावर बॉडचा उपाय नाही. आयसोलेटेड आरएस-४८५ (तारांच्या जोडीवर सिग्नल पाठवणारी जोडणी), पिळाची शील्डेड केबल आणि अर्थिंग हे उपाय आहेत.

पुरात भिजलेला बोर्ड वाळवला, चालू झाला, पण सिरियल चालत नाही.

पंचगंगेच्या २०१९ आणि २०२१ च्या पुरात असे बोर्ड बरेच भिजले. गाळाचा पातळ थर क्रिस्टलच्या दोन पायांमध्ये राहिला तर विजेची गळती होते आणि क्रिस्टल सुरूच होत नाही. एसटीएम३२ वाट बघून कंटाळते आणि आतल्या ८ मेगाहर्ट्झवर चालत राहते. बीआरआरमध्ये ६२५ हाताने लिहिलेले असतील तर बॉड येतो १२८००. म्हणून बोर्ड जिवंत दिसतो आणि सिरियल मेलेलं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने क्रिस्टल नि त्याचे कपॅसिटर धुवा, पूर्ण वाळवा. ३२.७६८ किलोहर्ट्झचा छोटा क्रिस्टल तर साध्या दमटपणानेही अडतो, तिथे जास्त काळजी घ्या.

लिनक्सच्या बोर्डावर बूटलोडरचे संदेश स्पष्ट दिसतात, कर्नल सुरू झाला की गिचमीड. का?

बूटलोडरने क्लॉक बरोबर लावलं, कर्नलला मात्र चुकीचं सांगितलं गेलं. १६५५० जातीच्या पोर्टला डिव्हाइस ट्रीमध्ये (कर्नलला बोर्डाचं वर्णन देणारी फाइल) क्लॉकची वारंवारता लिहिलेली असते, कर्नल तिच्यावरून भाजक काढतो. तो आकडा तपासा. गिचमिडीऐवजी मजकूर मधेच थांबत असेल, तर वापरात नसलेली क्लॉक बंद करताना कर्नलने तुमच्या पोर्टचंही बंद केलंय का ते बघा.

रास्पबेरी पायवर वेगळीच गंमत आहे. पाय ३ आणि ४ वर चांगलं पीएल०११ पोर्ट ब्लूटूथला दिलं गेलं आणि पिनांवर मिनी यूएआरटी आलं. मिनी यूएआरटी कोर क्लॉकवर चालतं, आणि कोर क्लॉक कामाच्या भाराप्रमाणे वरखाली होतं. कॉन्फिग फाइलमध्ये यूएआरटी चालू करणारी ओळ टाकली की कोर क्लॉक स्थिर ठेवलं जातं. यंत्राला कायमचं जोडायचं असेल तर ब्लूटूथ बंद करून पीएल०११ परत पिनांवर आणा, ते जास्त भरवशाचं.

वीज वाचवायला क्लॉक कमी-जास्त करतो, तेव्हा अधूनमधून एखादं अक्षर खराब होतं.

क्लॉक बदलण्याआधी शेवटचं अक्षर पूर्ण बाहेर पडू द्या. ‘बफर रिकामा’ आणि ‘पाठवणं पूर्ण’ हे दोन वेगळे फ्लॅग आहेत. पहिला लागला तेव्हा शेवटचा बाइट अजून शिफ्ट रजिस्टरमध्ये चालू असतो. दुसऱ्याची वाट बघा, मग क्लॉक बदला, मग नवा भाजक टाका. आरएस-४८५ ची दिशा बदलतानाही हाच दुसरा फ्लॅग लागतो.

ईएसपी३२ मध्ये वेग आपोआप बदलायचा पर्याय चालू असेल तर यूएआरटीला १ मेगाहर्ट्झचं स्थिर रेफरन्स क्लॉक द्या. झोपेतून सिरियलवर जागं व्हायचं असेल तर एसटीएम३२ चं एलपीयूएआरटी बघा: ३२.७६८ किलोहर्ट्झवर ते ९६०० पर्यंत जातं. २५६ गुणिले ३२७६८ भागिले ९६०० म्हणजे ८७३.८, ८७४ टाका, चूक ०.०२ टक्के.

मॉडबसमध्ये बॉड बरोबर आहे, तरी स्लेव्ह मधूनच उत्तर देत नाही.

मॉडबस ही यंत्रांची आपसात बोलण्याची पद्धत. तिच्या आरटीयू प्रकारात साडेतीन अक्षरांची शांतता म्हणजे फ्रेम (एक पूर्ण संदेश) संपली. ९६०० ला, अकरा बिटांच्या अक्षराने, ही शांतता सुमारे ४ मिलिसेकंदांची. ती मोजणारा टायमर वेगळ्या बसवर असतो आणि त्याचं क्लॉक चुकलेलं असू शकतं. १९२०० च्या वर मात्र मानकानेच १.७५ मिलिसेकंद ही ठरावीक शांतता सुचवली आहे.

एसपीआय, आयटूएस किंवा डीएसपीच्या स्पोर्टलाही हेच नियम लागतात का?

तिथे क्लॉकची तार डेटाबरोबर जाते, त्यामुळे टक्केवारीच्या चुकीने अक्षरं फुटत नाहीत. पण भागाकाराचं दुखणं दुसऱ्या रूपात येतं. ब्लॅकफिन या डीएसपीच्या (सिग्नलचं गणित करणाऱ्या चिपच्या) स्पोर्ट नावाच्या सिरियल पोर्टमध्ये बिट क्लॉक म्हणजे सिस्टिम क्लॉक भागिले (भाजक अधिक १) ची दुप्पट. सिस्टिम क्लॉक १०० मेगाहर्ट्झ असेल आणि ४८ किलोहर्ट्झच्या स्टिरिओ आवाजासाठी ६४ बिटांची फ्रेम हवी असेल, तर लागतात ३.०७२ मेगाहर्ट्झ. जवळात जवळचं मिळतं ३.१२५, आणि सॅम्पल रेट होतो ४८८२८. आवाजाची पट्टी चढते, आणि दुसऱ्या यंत्राशी जोडलं की बफर हळूहळू भरत जाऊन टकटक ऐकू येते.

उपाय असा: कोडेकला (आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज करणारी चिप) १२.२८८ मेगाहर्ट्झचा स्वतःचा क्रिस्टल द्या, त्याला मास्टर करा आणि स्पोर्टचं क्लॉक बाहेरून घ्या. १२.२८८ ला ४ ने भागलं की ३.०७२ बरोबर. ४४.१ किलोहर्ट्झ हवं असेल तर ११.२८९६ चा क्रिस्टल लागतो. दोन्ही हवे असतील तर बोर्डावर दोन ऑसिलेटरची जागा ठेवा.

बोर्ड तुमच्याकडे पाठवताना किंवा फोनवर विचारताना काय माहिती द्यावी?

चिपचा पूर्ण नंबर, क्रिस्टलवर छापलेला आकडा, कुठल्या नंबरचं यूएआरटी, भाजकाच्या रजिस्टरमधून वाचलेली किंमत, आणि अखंड ‘यू’ पाठवून टीएक्सवर मोजलेली वारंवारता. स्क्रीनचा फोटो जोडायचाच असेल तर सोबत मुळात काय पाठवलं होतं तेही लिहा.